अबोल्याचे निरोप

नदीच्या वळणावर वसलेल्या एका गावात दोर वळणारं एक कुटुंब राहत होतं. नवरा, बायको आणि नुकतं तेरावं लागलेली त्यांची लेक सारजा. त्यांनी वळलेल्या दोराने बांधलेली नाव पुरातसुद्धा जागची हलत नाही, असं लोक म्हणत.

मोठा दोर वळायची त्यांची रीत ठरलेली होती. घरापुढच्या गल्लीच्या एका टोकाला बाबा उभे राहत, दुसऱ्या टोकाला आई. दोघं आपापल्या टोकाची मूठ फिरवून दोरात पीळ भरत. वाखाच्या धाग्यांचे तीन पदर एकमेकांत गुंतू नयेत म्हणून सारजा मधे तीन खाचांचा लाकडी ठोकळा धरून चाले. गल्ली इतकी लांब, की एकाचे हात दुसऱ्याला दिसत नसत. म्हणून सगळं काम हाकेवर चाले.

"थांब!"

"थांबले!"

"जरा सैल सोड!"

"सोडलं!"

हाका सारजाच्या डोक्यावरून इकडून तिकडे जात आणि ती आपली गुणगुणत चाललेली असे.

मग सारजाच्या मामाचं लग्न निघालं. मांडवात सगळ्या जावयांना मानाचे फेटे बांधले आणि सारजाच्या बाबांच्या वाट्याला आली नुसती टोपी. घरी परतताना ते म्हणाले, "तुझ्या माहेरच्यांना माणसाची किंमतच नाही."

आई म्हणाली, "तुमच्या आईला फार होती वाटतं!"

झालं. त्या दिवसापासून दोघांनी अबोला धरला.

पण अबोला धरला म्हणून चूल थांबत नाही. आई म्हणे, "सारजा, तुझ्या बाबांना सांग, ताट वाढलंय. गिळायचं तर गिळा म्हणावं."

सारजा ओसरीवर जाऊन म्हणे, "बाबा, आई म्हणते, गरम आहे तोवर जेवून घ्या."

बाबा म्हणत, "तिला विचार, ताट तरी आमच्या मानाचं आहे का?"

सारजा आत येऊन म्हणे, "आई, बाबा हात धुऊन येतायत."

पहिल्यांदा तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. बोचरं काढून टाकायचं, गोड घालायचं आणि पुढे द्यायचं. आपल्यामुळे घर चाललंय, असं तिला वाटे. मैत्रिणी झोके घ्यायला बोलवायला आल्या, की ती म्हणे, "नको गं, घरी काम आहे." ती गेली असती तर निरोप कोणी नेले असते?

हळूहळू तिचं पोट दुखू लागलं. रात्री ती आढ्याकडे बघत पडून राही आणि सकाळी कोण काय म्हणेल, त्याचं आपण काय करून सांगायचं, हे मनात जुळवत बसे. तिची भूक गेली, गुणगुणणं तर कधीच थांबलं होतं.

आईच्या ते लक्षात आलं. ती म्हणाली, "सारजा, तुझ्या बाबांना सांग, त्यांच्या हट्टापायी पोर वाळत चाललीय."

बाबा म्हणाले, "तुझ्या आईला सांग, पोरीची एवढी काळजी आहे तर आधी जीभ आवर."

आणि सारजा स्वतःच्याच दुखण्याचा निरोप घेऊन ओसरी आणि चूल यांच्यामधे फिरत राहिली.

इतके दिवस किरकोळ दोऱ्या एकट्याने वळून त्यांचं भागत होतं. पण एके दिवशी गावचा म्हातारा नावाडी आला. त्याला या काठापासून त्या काठापर्यंत बांधायला लांबलचक दोर हवा होता. दोघं आपापल्या टोकाला उभी राहिली. सारजाने ठोकळा धरला आणि मुठी फिरू लागल्या.

थोड्या वेळाने बाबा म्हणाले, "सारजा, तुझ्या आईला सांग, हात आवर म्हणावं. पीळ जास्त होतोय, डोळे आहेत का खोबणी?"

सारजा ठोकळा ठेवून धावली. धावता धावता निरोपातली 'खोबणी' काढून टाकत होती. ती पोहोचेपर्यंत दोर मधेच उसळला, त्याला वेटोळी पडली, पदरात पदर घुसला आणि सगळा दोर वाया गेला.

"तू नीट सांगितलं नाहीस!" बाबा ओरडले.

"काय सांगितलं होतं त्यांनी?" आईने विचारलं. मग एकेक निरोप निघाला आणि कुठलाच जसाच्या तसा पोहोचला नव्हता हे उघडं पडलं.

"म्हणजे इतके दिवस तू आमच्याशी खोटं बोलत होतीस?" आई म्हणाली.

"बघ, काय वळण लागलंय!" बाबा म्हणाले. या एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत झालं.

सारजाने उत्तर द्यायला तोंड उघडलं. शब्द आला नाही. ती खाली बसली, आणि त्यानंतर ती कोणाशीच बोलेना.

आईने मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. बाबांनी वैद्याकडून काढा आणला. सारजा निमूट काढा प्यायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची.

नावाडी पुन्हा आला. त्याने उंबऱ्यात बसलेल्या सारजाला विचारलं, "काय गं बाय, भूक लागलीय का तुला?"

सारजाने आधी आईकडे बघितलं, मग बाबांकडे. भूक आपली, पण तिचं उत्तर जणू त्या दोघांपाशी होतं.

नावाडी उठला. "दिवसभर माझी नाव या काठाचं ओझं त्या काठाला नेते," तो म्हणाला, "पण संध्याकाळी मी तिला बांधून ठेवतो. या पोरीला तुम्ही कधी सोडता?"

मग त्यानेच गल्लीकडे बोट दाखवलं.

"चला, दोर वळायला घ्या. ठोकळा मी धरतो. पण निरोप नेणार नाही, आधीच सांगतो. पाय म्हातारे आहेत आणि तोंड खराब आहे. मी चार शिव्या माझ्या पदरच्या घालीन."

दोघं टोकांना गेली. मुठी फिरू लागल्या. सारजा कडेच्या ओट्यावरून बघत होती. पीळ भरत गेला. दोर थरथरू लागला. बाबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. आता दोर उसळणार, हे सारजाला दिसलं. तिने ओट्यावरून पाय खाली टाकले. धावायलाच हवं होतं.

बाबांना दोर दिसत होता. पण त्यांची नजर गेली ती धावायला निघालेल्या लेकीकडे. तिचं तोंड भीतीने पांढरं पडलं होतं.

"अगं, थांब!" ते गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडे बघून ओरडले. "सारजाची आई, थांब!"

आईची मूठ जागच्या जागी थांबली. मग तिचा आवाज आला, जरा चिरकलेला.

"थांबले! पुढे बोला!"

"सैल सोड!"

"सोडलं! एवढं बास?"

"अजून थोडं!"

सारजा ओट्यावर परत बसली. दोर अर्धा झाला तेव्हा आई तिकडून ओरडली, "आणि फेट्याचं म्हणाल, तर फेटे कमी पडले होते! घरच्या जावयाला मागून बांधू, म्हणाला दादा!"

"मग तेव्हाच सांगायचं ना!"

"तुम्ही ऐकून घेतलंत का!"

"तू माझ्या आईवर गेलीस!"

"गेले! चुकलं माझं! तुम्ही आधी माहेरावर गेलात!"

"बरं, माझंही चुकलं! आता मूठ फिरव!"

मधे नावाडी खो खो हसत होता. सारजा मात्र अंग आखडून बसली होती. भांडण चाललं होतं, पण त्यात कोणी तिला हाक मारत नव्हतं. हळूहळू तिचे खांदे खाली आले. मग ओट्यावरच तिला गाढ झोप लागली.

दोर झाला. बाबा लेकीजवळ येऊन बसले. तिला जाग आल्यावर म्हणाले, "तू खोटारडी नाहीस, पोरी. आमचं ओझं तू वाहत होतीस." सारजा त्यांचा हात धरून बसली.

पुढे काही दिवसांनी आई भाकऱ्या थापत होती. आदल्या रात्रीच कशावरून तरी दोघांचं वाजलं होतं. सवयीने तिच्या तोंडून निघालं, "सारजा, तुझ्या बाबांना सांग..."

सारजा दारात उभी होती. बाहेर मैत्रिणी खोळंबल्या होत्या.

"तूच सांग की," ती म्हणाली. "ते काय परगावी गेलेत? मी झोक्यावर चालले. आणि मला भूक लागलीय, दोन भाकऱ्या बांधून दे."

आईच्या हातातली भाकरी परातीत पडली. तिने डोळ्याला पदर लावला, भाकऱ्या बांधून दिल्या आणि पिठाच्या हातांनीच ओसरीवर गेली.

"अहो," ती म्हणाली, "ऐकलंत का?"

तात्पर्य: घर म्हटलं की भांडण व्हायचंच, पण मोठ्यांचं भांडण मोठ्यांनी समोरासमोर मिटवावं. त्यातला अबोला वाढत्या लेकराच्या डोक्यावर दिला, तर आधी त्याची झोप जाते, मग भूक, आणि शेवटी त्याचा आवाज.