चेनकडची वाटी

वेळगडच्या महाराजांच्या सायकलीतली चेनकडची वाटी तीन दिवस झाले निघत नव्हती, आणि आज दिवस मावळायच्या आत ती निघाली नाही तर देवडीजवळची छपरी पाडायचा हुकूम सुटला होता.

छपरीत दोघं बसत. एका कोपऱ्यात हुसेनमिस्त्री, कुलपं, बंब नि पाण्याचे पंप दुरुस्त करणारा. दुसऱ्या कोपऱ्यात धुरपा, वहाणा शिवणारी. छपरी गेली की धुरपाचं गिऱ्हाईक गेलं, आणि गिऱ्हाईक गेलं की चूल गेली. हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सायकल अख्ख्या संस्थानात एकच, थोरल्या महाराजांनी विलायतेहून आणलेली. आताच्या, धाकट्या महाराजांनी ती एकदा ओढ्यात घातली, तेव्हापासून पायडल मारलं की ती रडायची. रोग मिस्त्रीने बरोबर ओळखला. दोन पायडलांच्या मधला दांडा ज्या नळीतून आरपार जातो, तिच्या दोन्ही तोंडांना आट्यांची एकेक लोखंडी वाटी बसवलेली असते. वाटीत छर्रे, आणि छर्‍यांवर दांडा फिरतो. छर्‍यांचं गंजून पीठ झालं होतं. डावी वाटी निघाली. उजवी, चेनकडची, हलेना.

महाराजांनी बजावलं होतं, "आग लावायची नाही, रंग जळेल. छिन्नी नाही, करवत नाही. आमच्या वडिलांनी, आबासाहेबांनी, त्यावर सोनेरी रेघा मारून घेतल्यात. ओरखडा दिसला तर तुझीच रेघ ओढीन, मिस्त्री."

पहिल्या दिवशी मिस्त्रीने रॉकेल पाजलं, पाना लावला आणि डावीकडे जोर केला, कारण कुलूप असो की पंप, डावीकडे फिरवलं की आटे सुटतात. दुसऱ्या दिवशी तालमीतले दोन पैलवान आले. पाना वाकला. वाटी जागच्या जागी, उलट जरा जास्तच सुखात बसल्यासारखी दिसायला लागली. तिसऱ्या दिवशी कारभारी विसाजीपंतांनी हत्ती सुचवला.

"हत्ती पाना कसा धरणार?" महाराजांनी विचारलं.

"सोंडेनं, सरकार. शिकवावं लागेल."

"किती दिवस?"

"पाच-सहा महिने. नाहीतर सरळ छपरी पाडू."

पंतांना छपरीच्या जागेवर स्वतःची मोटार उभी करायची होती. मोटार अजून यायची होती.

तीन दिवस धुरपा टाके घालता घालता हे बघत होती. तिने आरी खाली ठेवली.

"सरकार, मी सांगू का काय ते?"

"तू वहाणा शीव," पंत म्हणाले. "लोखंडातलं तुला काय कळतं?"

"लोखंडातलं न्हाई कळत, पंत. पायातलं कळतं. सायकल पायानंच चालवतात न्हवं?" मग ती महाराजांकडे वळली. "आधी सरकारांनी ह्या नव्या वहाणा घालून बघाव्यात. माप बघायचं ऱ्हायलंय."

तिने वहाणा पुढे मांडल्या. महाराजांनी सायकलीवरची नजर न काढता त्या पायात सरकवल्या, चार पावलं टाकली आणि थांबले.

"बाई, टोचतंय. अंगठा बसत नाही."

"पैलवानांना बोलवू? दोघं मिळून दाबतील, मग बसंल."

"दाबून कशी बसेल? डावी वहाण उजव्या पायापुढे ठेवलीस तू! ती ह्या पायाची नाहीच."

"तेच ती वाटी तीन दिस सांगतीय, सरकार."

धुरपाने मिस्त्रीला विचारलं, "पयल्या दिशी दोन्ही पायडलं काढलीत, ती एकाच अंगाला फिरवून निघाली का?"

मिस्त्रीने दाढी खाजवली. "नाही. उजवं डावीकडे फिरवून निघालं, आणि डावं उजवीकडे. मी म्हटलं, विलायती खोड असेल."

"खोड न्हाई, जोड हाय. पायाची चीज करणारा माणूस डावं-उजवं येगळं करतोच. डावी वाटी डावीकडं फिरवून सुटली, मग उजवीला बी डावीकडंच का वढताय? पैलवान ती काढत न्हाईत. बसवतायत."

"सगळ्या जगात आटे डावीकडेच सुटतात," पंत म्हणाले.

"सगळ्या जगात पाय दोन हायेत, पंत."

"आणि आणखी घट्ट झाली तर?"

"तर छपरीसंगं मलाबी पाडा."

तिने कातड्याला लावायचं करंजाचं तेल वाटीच्या कडेने सोडलं आणि एका वहाणेचा तळ शिवून होईस्तोवर कुणाला हात लावू दिला नाही. मग दुसरा पाना लावला, त्याच्या दांडीवर पंपाचा लोखंडी पाइप चढवला आणि थोरल्या पैलवानाला म्हणाली, "आता उजवीकडं, दादा. हळू. सायकल हाय, मल्ल न्हवं."

पैलवानाने जोर लावला. वाटी कुरकुरली. मग टक्‌ आवाज झाला आणि ती फिरली. पुढचे आटे मिस्त्रीने नुसत्या बोटांनी सोडवले. त्याने दोन्ही वाट्या पुसून शेजारी शेजारी ठेवल्या. एकीचे आटे इकडे कललेले, दुसरीचे तिकडे, नव्या वहाणांच्या जोडासारखे. सोनेरी रेघांवर ओरखडा नव्हता.

महाराजांनी वाट्यांकडे पाहिलं, मग स्वतःच्या उलट्यासुलट्या पायांकडे पाहिलं आणि ते इतके हसले की त्यांना पैलवानाचा खांदा धरावा लागला.

"छपरी तुम्हा दोघांची. तसं लिहून देतो," ते म्हणाले. "आणखी माग. हत्ती सोडून काहीही."

"हत्ती नकोच, सरकार. त्याच्या चार पायांत डावं-उजवं लावता लावता माझा जन्म जायचा. छपरीवर कौलं तेवढी घाला."

महाराज पुन्हा हसले आणि त्यांनी कौलांचं काम पंतांच्या अंगावर टाकलं. पंतांनी ती भर उन्हात उभं राहून घालून घेतली.

मोटार अजून यायची आहे.