ककणेरीचा दगड

बेहडेखोलच्या चव्हाट्यावर काळ्या दगडाचे एक खोड उभे आहे. पुरुषभर उंच, आणि साल अशी कोरलेली की हात लावून बघावासा वाटतो. छातीच्या उंचीला लिंपून बंद केलेली ढोली, तिच्यात बोटभर फट, आणि फटीतून जेमतेम बाहेर आलेले चोचीचे टोक. पाहुणे देव समजून हळदकुंकू वाहतात. वाहू देत बापडे, पण हा देव नव्हे.

असे सांगतात, की ग्रामदेवीचे देऊळ बांधायला धाकू नावाचा पाथरवट इथे आला. हात कसबी, आणि ताठाही तेवढाच. दगडावर टकटक करून तो कान लावी आणि दगड भरीव की पोकळ ते सांगे.

देवळाला तुळई हवी होती. गावाने देवीचा कौल घेऊन राईतला एक बेहडा त्याला दिला, पण पावसाळा सरल्यावर तोडायचा, असे बजावून. उन्हाळ्यात राईत पाखरांची पिल्ले असतात. धाकूला कसला दम निघतो! ऐन चैत्रात तो राईत गेला. खोडावर उंच मातीने लिंपलेली जागा दिसली. ती त्याला वाळवीची वाटली. सवयीने त्याने खोडावर टकटक केली. वरून टकटक परत आली. दगडाचा माणूस तो, त्याला वाटले लाकडाचा नाद घुमला. त्याने कुऱ्हाड घातली.

झाड पडले तसे लिंपण फुटले. आत ककणेर होती, म्हणजे धनेशाची मादी. ही मादी ढोलीत शिरून दार आतून लिंपून घेते, अंगावरची पिसे झाडते, आणि पिल्लू मोठे होईपर्यंत नर खोडावर चोचीने टकटक करून तिला फटीतून फळे भरवतो. ती आणि तिचे पिल्लू, दोन्ही जागच्या जागी गेली. संध्याकाळी नर चोचीत उंबर घेऊन आला. ढोली जिथे होती तिथे, नुसत्या हवेत, तो पंख फडफडवत राहिला. शेवटी उंबर खाली पडले. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. धाकूला ते बघवेना.

त्यानंतर, म्हणे, धाकूने कोणत्याही दगडावर टकटक केली की आतून उत्तर येई. पायरीच्या दगडातून, जोत्याच्या दगडातून, अगदी घरच्या पाट्यातून. जोरात नाही, हळूच. त्याच्या हातून छिन्नी गळून पडू लागली. देऊळ अर्धे राहिले आणि धाकू खंगत चालला. आता आपल्या हातून पुन्हा दगड घडायचा नाही, या भीतीने त्याला घेरले.

एके दिवशी त्याने बायकोला, भिकाईला, सगळे सांगितले.

"तिचा घर तुम्ही मोडलात," ती म्हणाली. "मगे ती ऱ्हवतली खंय? तुमच्या दगडातच ना!"

"पण ती उत्तर कित्याक देता?"

"घोव फळ घेवन इलो, असा वाटता तिका."

राईत, कुऱ्हाड घालण्याआधी, आपला नर आला असे समजून तिने उत्तर दिले होते, हे धाकूला आता कळले. तो ढसाढसा रडला.

मग त्याने देवळासाठी आणलेला सर्वांत मोठा काळा दगड घेतला, खालून कोरून पोकळ केला आणि त्याचे खोड घडवले. कुऱ्हाड घेऊन राईकडे जाणाऱ्या प्रत्येकाला दिसावे म्हणून ते चव्हाट्यावर उभे केले. त्याच संध्याकाळी नर आला. त्याने फटीशी उंबर धरले, आणि आतून कोणीतरी ते घेतले, असे सांगतात. बाकीचे सगळे दगड मुके झाले. देऊळ पुरे झाले. पुढे नर यायचा थांबला, तेव्हा धाकू स्वतः उंबर नेऊन ठेवू लागला. मरेपर्यंत ठेवत होता.

आजही माघापासून पावसापर्यंत गावात झाडाला कुऱ्हाड लागत नाही. चैत्रात घरटी एक माणूस येऊन फटीत उंबर ठेवतो आणि न बोलता परततो. सकाळी फट रिकामी असते. शाळेतले मास्तर म्हणतात, खारी नेत असतील. नेतही असतील. पण त्या दगडावर टकटक मास्तरही करत नाहीत. परवा एका पाहुण्याने गंमत म्हणून बोट उचलले, तर वाटेने जाणाऱ्या म्हातारीने त्याचा हात धरला.

"नको रे झिला," ती म्हणाली. "आतसून उत्तर इला, तर तिका काय सांगतलंस?"