बेचाळीस किलो

“...ते सगळं खरं रं बाबा. पण ते गेलं कुठं?” आक्कांनी विचारलं.

“काय गेलं कुठं?”

“तुझं बेचाळीस किलो.”

पाहुणा हसला. “जळालं, आक्का. चरबी जळते. चौदा महिने रोज पंधरा किलोमीटर पळलो. साखर बंद, मैदा बंद, तळलेलं बंद. एकशे सहाचा चौसष्ट झालो.”

“जळालं? मग राख कुठाय?”



मी चुलीपाशी भाकरी थापत होतो. मी भैरू. टेकडीवरच्या या मठात तेवीस वर्षं स्वयंपाक करतोय. आक्का आमच्या गुरू, वय ऐंशीच्या पुढं. आणि मी स्वतः ब्याण्णव किलोचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. कारण हा सुहास मगदूम आल्याआल्याच माझ्या डोक्यात गेला होता. एकशे बारा पायऱ्या पळत चढून आला, मनगटावरच्या घड्याळात बघितलं, मग माझ्या पोटाकडं बघितलं आणि म्हणाला, “मामा, आमटीत तेल किती घालता हो?”

असा संताप आला म्हणता!

पण आता त्याचं तोंड नीट बघितलं आणि संताप गेला. गालफडं आत गेलेली, मानेच्या शिरा ताठ, डोळे सारखे दाराकडं.

“आज किती भरतोस?” आक्कांनी विचारलं.

“...एक्कावन्न.”

म्हणजे बेचाळीसपर्यंत बढाई होती. पुढचे तेरा त्यानं सांगितलेच नव्हते.

“डॉक्टर काय म्हणतो?”

“थांबा म्हणतो. हृदयावर ताण आलाय म्हणतो. दोनदा रस्त्यातच चक्कर येऊन पडलो. पण थांबता येत नाही, आक्का.”

“का?”

त्यानं आवाज बारीक केला.

“मागं कुणीतरी पळतंय.”

भर दुपारचे बारा वाजलेले. अंगणात ऊन मी म्हणत होतं. तरी माझ्या पाठीतून काहीतरी सरकलं.

“पहिल्यांदा वाटलं, दुसरा कुणी पळणारा असेल. वळून बघितलं तर रस्ता मोकळा. जड पावलं आहेत, आक्का. धाप लागलेली. मी थांबलो की तीही थांबतात, पण... दोन पावलं उशिरा. पोटभर खाल्लं की तो जास्तच जवळ येतो. म्हणून खाणं कमी केलं, पळणं वाढवलं. आज पहाटे दहा पावलांवर होता. त्यानं गाठलं तर मी संपलो. आणि असाच पळत राहिलो तरी संपलो. घरी नऊ वर्षांची पोरगी आहे हो माझी. काहीतरी अंगारा द्या, ताईत द्या.”

“कधीपासनं पळतोय तो?”

सुहासनं मान खाली घातली.

“आमचा पळणाऱ्यांचा गट आहे. ठरवलेल्या वजनाला पोचलं की जुन्या माणसाला निरोप द्यायचा, अशी आमची पद्धत. त्याचे कपडे जाळायचे, फोटो जाळायचे. माझ्या वेळी कुणीतरी म्हणालं, दहावाही घालू या. गंमत म्हणून. दहाव्या दिवशी नदीच्या घाटावर गेलो. पिंड ठेवला. शेजारी त्याच्या आवडीचा बटाटेवडा ठेवला...”

“कुणाच्या आवडीचा?”

“माझ्या... म्हणजे त्या जाड्याच्या.”

“मग?”

“कावळा शिवला नाही.”

माझ्या हातातली भाकरी हातातच राहिली.

आपल्याकडं कावळा शिवला नाही की गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय म्हणतात. मग घरचं कुणीतरी हात जोडतं, तुमचं राहिलेलं आम्ही बघतो असं मोठ्यानं सांगतं, आणि कावळा येतो. मी न राहवून विचारलं, “तुम्ही काय सांगितलंत?”

“काहीच नाही. अर्धा तास थांबलो. मग सगळे हसलो आणि पळत घरी गेलो. दुसऱ्या दिवसापासून ही पावलं.”

“जित्या माणसाचा दहावा घातलास होय रं!”

आक्कांचा असा आवाज मी तेवीस वर्षांत ऐकला नव्हता. तव्यावरची भाकरी करपली, तरी मला सुधरेना.

“भैरू, ताट घे.”

आमच्या मठात एकट्याला वाढत नाहीत. एका ताटात दोघं, हा इथला नेम. कुणी एकटा आला तर जोडीदार येईपर्यंत त्यानं पाटावर बसून राहायचं, मग तो कितीही मोठा असो. मी समोरासमोर दोन पाट मांडले, मधे ताट ठेवलं आणि म्हणालो, “जोडीला मीच बसतो.” खरं सांगायचं तर मला भूकही लागली होती.

आक्कांनी हात वर केला.

“नको. त्याचा जोडीदार चढतोय.”

मी दारातून खाली बघितलं. पायऱ्यांवर चिटपाखरू नव्हतं. पण आवाज होता.

धप... धप... धप.

सुहास ताडकन उठला. मागच्या दाराकडं दोन पावलं गेला.

“उघडंच आहे ते,” आक्का म्हणाल्या. “पळायचं तर पळ. त्याला सवय झालीय.”

तो चौकट धरून उभा राहिला. 

“पायात ताकदच नाही उरली, आक्का.”

“मग बस.”

तो बसला. पावलं शेवटच्या पायरीपर्यंत आली. अंगणातून आली. उंबऱ्यापाशी जरा थांबली... आणि समोरचा पाट करकरला. कुणी दिसत नव्हतं, पण तांब्यातलं पाणी हललेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. आणि ती धाप! जाड माणसाची धाप मला ओळखू येते. पायऱ्या चढल्यावर मला रोज तशीच लागते. मी देवाचं नाव घेत चुलीला चिकटून बसलो.

“काय राहिलंय त्याचं?” आक्कांनी विचारलं.

 सुहासचा एकदम बांध फुटला.

“पोरीच्या शाळेत शर्यत होती. मुलाचा हात धरून आईनं नाहीतर बापानं पळायचं. मी वीस पावलांवर पडलो. सगळं मैदान हसलं, आक्का. पोरगी रडत रडत एकटीच पुढं गेली. त्याच दिवशी मी... म्हणजे या जाड्यानं ठरवलं, पुढच्या वर्षी तिचा हात धरून पळायचं.”

“पळालास?”

“...त्या दिवशी माझी मोठी शर्यत होती.”

“आणि घरी?”

“घरी कुठला! पहाटे जातो तेव्हा ती झोपलेली असते. जेवायला बोलावते, तर मी माझे उकडलेले मूग वजन करून वेगळा बसतो. तिच्यासाठी सुरू केलं होतं हो हे सगळं. आणि तिच्याबरोबर एकदाही पळालो नाही.”

तो लहान पोरासारखा रडायला लागला. मलाही आवरेना, मी धुराचं निमित्त करून डोळे पुसले.

“मला नको सांगू,” आक्का म्हणाल्या. “त्याला सांग.”

सुहासनं रिकाम्या पाटाकडं बघून हात जोडले.

“येत्या रविवारी. हात धरून. ती म्हणेल तेवढंच पळायचं, ती दमली की थांबायचं. आणि घरी आल्यावर... तिच्याबरोबर जेवायचं.”

धाप थांबली.

“भाकरी मोड.”

त्यानं भाकरी मोडली. अर्धी आपल्या बाजूला ठेवली, अर्धी समोरच्या बाजूला.

अंगणाच्या भिंतीवर एक कावळा येऊन बसला होता. तो खाली उतरला आणि उंबरा ओलांडून सरळ आत आला. इतक्या वर्षांत कावळा कधी माझ्या स्वयंपाकघरात आला नव्हता. ताटाच्या काठाशी उभा राहून त्यानं समोरच्या अर्ध्या भाकरीकडं मान वाकडी करून बघितलं.

तिला शिवला नाही.

चालत इकडच्या बाजूला आला, सुहासच्या अर्ध्या भाकरीचा तुकडा तोडला आणि उडून गेला.

सुहास पांढराफटक पडला.

“आक्का... तो माझा घास होता.”

आक्कांनी आमटीची वाटी त्याच्याकडं सरकवली.

“त्याच्या घासाला नाही, माझ्या घासाला शिवला तो! म्हणजे गेलेला... मी?”



तो आपल्या उष्ट्या अर्ध्या भाकरीकडं बघत राहिला... मग त्यानं हात लांब केला, समोरची अर्धी भाकरी ओढून घेतली, माझ्या तेलकट आमटीत बुडवली आणि खाल्ली. सगळी खाल्ली. दुसरी मागितली, तीही खाल्ली. तेलाबद्दल चकार शब्द काढला नाही.

दारात जाऊन त्यानं विचारलं, “म्हणजे आता पळणं सोडायचं?”

“मी कुठं म्हणाले? जेव आणि पळ.”

तो निघाला. पळत नाही, चालत. मी उंबऱ्यात उभा राहून कान दिला. मागं कुणी नव्हतं. एकाच माणसाची पावलं खाली उतरत होती.

धप... धप... धप.

एक्कावन्न किलोच्या माणसाची पावलं अशी वाजत नाहीत.



“आक्का... खाली गेला तो यातला कोण?”

“जेवला तो,” आक्का म्हणाल्या. “ताट घासायला घे.”