उलट्या आट्याची कडी

डोंगराच्या पोटाशी एक गाव होतं. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून हयात आहेत आणि भांडायला उभीच असतात. त्या गावात जोतिराम नावाचा एक तरुण होता. त्याची एक सायकल होती आणि त्या सायकलीला ब्रेक नव्हता.

ब्रेक मोडला नव्हता बरं का. मुळातच नव्हता. ती शर्यतीची सायकल. तिचं मागचं चाक आणि पायडलं एकमेकांना बांधलेली. चाक फिरतंय तोवर पायडलं फिरणार, मधे पायांना विसावा नाही. थांबायचं असेल तर पायडलांवर उलटा जोर द्यायचा. पाय मागं रेटले की चाक हळूहळू थांबतं. ज्याच्या मांडीत दम, त्याचा ब्रेक मांडीत. जोतिरामच्या मांडीत दम भरपूर होता. डोक्याचं तेवढं विचारू नका.

घरात दोघंच होती, तो आणि त्याची थोरली बहीण हौसाक्का. आईबाप गेले तेव्हा जोतिराम नुकता रांगायला लागला होता. आक्काचं लग्न ठरलेलं होतं. ती म्हणाली, "या पोराला न्हाऊमाखू घालायचं सोडून मी कुठं जाऊ?" आणि ठरलेलं लग्न तिनं मोडलं. घर सांभाळलं, वावर सांभाळलं, भावाला वाढवलं. सायकलसुद्धा तिनंच भुईमूग विकून घेऊन दिली. घेऊन दिली आणि त्याच दिवशी म्हणाली, "ही काय सायकल आहे? हिला थांबायचं माहीत नाही."

आक्काची रीतच तशी होती. भाऊ म्हणाला, "आज पाऊस नाही," की ही गोवऱ्या आत घ्यायला लागायची. भाऊ म्हणाला, "भूक नाही," की ही एक भाकरी जास्त थापायची. गावात तिला सगळे म्हणायचे, उलट्या आट्याची बाई.

आता हे उलटे आटे म्हणजे काय, ते सांगतो, कारण सगळी गोष्ट त्या आट्यांवरच फिरते. जोतिरामच्या सायकलीच्या मागच्या चाकाला, मधोमध, दात्यांची चकती होती. साखळी तिच्यावरून जायची. ही चकती नेहमीच्या आट्यांवर, म्हणजे स्क्रूला असतात तसल्या पिळांवर, बसवलेली. पुढं पायडल मारलं की ती आपोआप आवळत जायची. पण पाय मागं रेटले, की तीच चकती सैल होऊन बाहेर यायला बघणार. म्हणून तिच्या अंगाला लागून एक बारीक गोल कडी असते. तिचे आटे उलटे. चकती ज्या बाजूनं सुटायला बघते, त्या बाजूनं ही कडी आवळते. पुढं जाताना तिचं काहीच काम नसतं. थांबायची वेळ आली की सगळं काम तिचंच.

जोतिरामला यातलं निम्मं ठाऊक होतं. निम्मं ठाऊक असलेला माणूस अजिबात ठाऊक नसलेल्यापेक्षा वाईट, हे तुम्हीही बघितलं असेल.

गावची जत्रा आली. जत्रेत सायकलींची शर्यत असायची. डोंगरावरच्या देवळापासून सुरू, वर माळाला एक मोठा वळसा, मग देवळाच्या उतारानं खाली आणि थेट चावडीसमोर शेवट. चावडीपाशी सगळं गाव जमायचं, आयाबाया पोरांना पुढं बसवायच्या. उताराच्या मधोमध एक वळण होतं. एका अंगाला दगडी बांध आणि खाली खोल ओढा, दुसऱ्या अंगाला आक्काचं वावर. वळणाआधी वेग कमी केला नाही, तर एकतर ओढ्यात जायचं किंवा सरळ पोरांत घुसायचं.

जत्रेच्या आदल्या दिवशी जोतिराम अंगणात चाक पुसत बसला होता. आक्का म्हणाली, "निदान या शर्यतीपुरता तरी ब्रेक बसव. तो उतार लई वंगाळ आहे."

"ब्रेक बसवला तर लोक हसतील."

"हसू देत. रडण्यापेक्षा बरं."

जोतिरामचं डोकं तापलं. "मी काहीही करायला निघालो की तू मागं ओढतेस. सगळं गाव मला पुढं हो म्हणतं, तूच एक आडवी. मला नकोयस तू. उद्या सकाळी उठ आणि मामाच्या गावाला निघून जा."

ज्या बाईनं त्याच्यापायी मांडवाची वाट सोडली, तिला तो हे बोलला. मला तर सांगतानाही लाज वाटते. एरवी आक्का उलट बोलली असती. त्या दिवशी तिनं चूल सारवली आणि आत गेली.

जोतिराम तणतणत पुन्हा चाकाकडं वळला. त्या कडीवर त्याची नजर गेली. त्यानं विचार केला, ही पण तसलीच. पुढं जायला हिचा काडीचा उपयोग नाही. फुकटचं वजन. पान्यानं त्यानं ती फिरवली आणि काढली. चकती हातानं हलवून बघितली, घट्ट होती. कडी त्यानं भिंतीतल्या दिवळीत फेकली. घरातली उलट्या आट्याची दोन्ही माणसं आपण मोकळी केली, असं वाटून त्याला बरंसुद्धा वाटलं.

सकाळी शर्यत सुटली. माळावर जोतिरामला कुणी गाठू शकलं नाही. चकती पुढच्या जोरानं आवळत होती, सायकल नुसती पळत होती. उतार लागला तेव्हा तो सगळ्यांच्या पुढं होता. खालून ढोलांचा आवाज येत होता आणि लोक त्याच्या नावानं ओरडत होते. वळण जवळ आलं. त्यानं नेहमीसारखे पाय मागं रेटले.

पाय मागं गेले, पण चाक थांबलं नाही. चकती आट्यांवरून उलटी फिरत सुटली. साखळी निसटून लोंबायला लागली. पायडलं हलकी झाली, नुसती गरगर फिरायला लागली. त्या क्षणी त्याला कडीचा उपयोग समजला. पण कडी घरी दिवळीत होती.

वळणावर उभ्या लोकांनी ओळखलं. "उडी टाक, उडी टाक," सगळे एका सुरात ओरडू लागले. एका अंगाला बांधाचे दगड. उडी टाकली असती तर डोकं त्या दगडांवर फुटलं असतं आणि मोकाट सायकल खाली पोरांत शिरली असती. घाबरलेल्या माणसाला हे कुठं दिसतं? जोतिरामनं हँडल सोडायला हात सैल केला.

तेवढ्यात एकच आवाज सगळ्यांच्या विरुद्ध आला. "सोडू नको. हँडल सोडू नको. माझ्याकडं घाल."

आक्काच्या वावरात, अगदी वळणाला लागून, कडब्याची गंज रचलेली होती. तिच्यावर उभी राहून आक्का, भाऊ पडलाच तर मऊ पडावा म्हणून, वैरणीच्या पेंढ्या खाली टाकत होती. जन्मभर जोतिरामनं तिचं ऐकलं नव्हतं. त्या वेळी ऐकलं. त्यानं हँडल घट्ट धरलं, डावीकडं वळवलं आणि डोळे मिटले. सायकल वावरात उतरली आणि सरळ गंजीत घुसली. गंज ढासळली, वरची आक्का खाली आली आणि दोघं बहीणभाऊ कडब्याखाली दिसेनासे झाले.

लोक धावले. आधी आक्का बाहेर आली, केसांत कडब्याची पानं. मग तिनं भावाला काखेत धरून ओढून काढलं.

"लागलं का रे?"

"नाही."

"खोटं बोलतोस. ढोपर फुटलंय." आणि पदरानं त्याचं ढोपर दाबून धरलं.

खाली चावडीवर पोरं टाळ्या वाजवत होती, कारण मागून येणारा दुसरा कुणी पहिला आला होता. त्याचं नाव आज गावातही कुणाला आठवत नाही. जोतिरामनं तिकडं बघितलंही नाही. तो आक्काकडंच बघत होता.

"आक्का, काल मी तुला जा म्हणालो होतो."

"म्हणाला होतास."

"मग तू गेली का नाहीस?"

आक्का म्हणाली, "तू जा म्हणालास ना, तेव्हाच ठरवलं, जायचं नाही."

एवढा दांडगा गडी, पण सगळ्या गावादेखत ढसाढसा रडला. तिचे पाय धरून म्हणाला, "तुझे लई उपकार आहेत माझ्यावर. आजचेच नव्हेत, रांगत होतो तेव्हापासूनचे. मी एकदासुद्धा बोलून दाखवलं नाही."

"उपकार कसले," आक्का म्हणाली. "माझी गंज विस्कटलीस. आधी ती रच."

ढोपराला फडकं बांधून त्यानं ती गंज पुन्हा रचली. पेंढी पेंढी उचलताना तो मनात तिचं एकेक आठवत होता, जास्तीची भाकरी, आत घेतलेल्या गोवऱ्या, भुईमुगाची सायकल. घरी येऊन त्यानं दिवळीतली कडी काढली, कपाळाला लावली आणि चकतीशेजारी उलटी फिरवून घट्ट बसवली. दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन ब्रेकही बसवून आणला आणि मोठ्या हौसेनं आक्काला दाखवला.

आक्कानं ब्रेक दाबून बघितला. म्हणाली, "कशाला उगीच खर्च? गंज होती की."

जोतिराम हसला. त्या दिवशी त्यानं एक भाकरी जास्त खाल्ली.

तात्पर्य: पुढं हो म्हणणारे पुष्कळ भेटतात. उतारावर धरून ठेवणारं माणूस मात्र बहुधा तेच असतं, जे एरवी आपल्याला 'नको' म्हणत आलेलं असतं. त्याचे उपकार सपाटीवर असतानाच मानावेत.