उभं कडं

आपल्या आकाशगंगेने अजून बाळसंही धरलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. दूरच्या एका दीर्घिकेत म्हाताऱ्या ताऱ्यांची चपटी तबकडी फिरत असे. तिथला वायू केव्हाच संपला होता, त्यामुळे नवा तारा जन्मून युगं लोटली होती. सगळ्यांत थोरला होता तांबडोबा. त्याला एकच शिस्त ठाऊक होती: सगळ्यांनी एकाच पातळीत फिरायचं.

एकदा शेजारून एक तरणी दीर्घिका गेली आणि तिच्या वायूची लांबच लांब धार इकडे ओढली गेली. ती थेट वरून खाली येऊ लागली.

"अगं ए, उभी घुसू नकोस! आमच्यासारखी फिर, नाहीतर आपटशील!" तांबडोबा ओरडला.

"आजोबा, तुमच्यासारखी फिरले तर तुमच्यातच विरून जाईन," धार म्हणाली. "मी आपली बाहेरून, वरून खाली वळसा घालते."

तांबडोबाने डोळे गच्च मिटले. धक्का काही बसेना. डोळे उघडून पाहतो तर तबकडीभोवती उभं कडं झालेलं. कुणाला साधं खरचटलंही नव्हतं. त्याचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात कड्यात एक निळा ठिपका लुकलुकला.

"पण हे उभंच फिरतंय की!" शेजारचा तारा कुरकुरला.

"हळू बोल रे," तांबडोबा म्हणाला, "किती दिवसांनी घरात बाळ आलंय!"