आतला दगड

अवजारांना वाचा होती तेव्हाची ही गोष्ट. गिरजा कुंभारणीकडे झिप्र्या नावाचा कुत्रा होता. दारात माणूस दिसलं की तो आनंदाने उड्या मारत धावायचा आणि अंगणात वाळत ठेवलेली ओली मडकी तुडवायचा.

एका सकाळी बाजारात न्यायची सगळी मडकी अशीच चेपली. मडकी थापायचं लाकडी थापटणं गिरजाच्या हातातच होतं. तिने तेच उगारलं. झिप्र्या अंग चोरून रांजणामागे दडला.

"थांब बाई," थापटणं म्हणालं. "माझी थाप मडक्याला बाहेरून बसते, तेव्हा तू आतून गोल दगड धरतेस. तो नसला तर मडकं घडत नाही, खचतं. ह्याला तू आतून काय धरलंयस?"

गिरजाचा हात खाली आला.

त्या दिवसापासून झिप्र्याने उडी मारली की ती मुकाट्याने पाठ फिरवी. त्याचे चारही पाय जमिनीला टेकले की लगेच वळून भाकरीचा तुकडा देई, पाठीवरून हात फिरवी. आल्यागेल्यालाही तिने तसंच करायला लावलं. सुरुवातीला आणखी काही मडकी चेपली, पण ती चिडली नाही.

पुढे एकदा गिऱ्हाईक आलं. झिप्र्या शेपटी हलवत मडक्यांपाशी बसून राहिला.

"कुत्र्याला चांगलं बडवलेलं दिसतंय," गिऱ्हाईक म्हणालं.

गिरजाने त्याच्या हाती एक मडकं दिलं. "आतून हात फिरवून बघा."

"गुळगुळीत आहे की."

"थापताना आतून दगड धरला होता म्हणून. ह्यालाही तसंच आतून धरलंय," ती म्हणाली.