पाठ न टेकलेला पैलवान

“वस्ताद, दाढंवर बांधायला एखादा लेप असंल की तुमच्याकडं?”

कासम वस्तादांनी मान वर केली नाही. ते तालमीच्या पायरीवर बसून दुधात भाकरी कुस्करत होते. सकाळची मेहनत संपली होती, बाकीची पोरं नदीवर आंघोळीला गेली होती.

समोर सर्जेराव पाटोळे उभा होता. तालमीतला पहिल्या नंबरचा पैलवान. हनुवटीखालून डोक्यापर्यंत पंचा बांधलेला, आणि उजवा जबडा कानापर्यंत सुजलेला.

“लेप हाय,” वस्ताद म्हणाले. “मुरगळल्याल्या पायाचा.”

“तुमी हाडं बसवता. दाढ म्हंजी हाडच की.”

“मग जबड्यावर पाय दिऊन वढू काय?”

वस्तादांची थट्टा अशीच असे. स्वतः हसायचे नाहीत आणि समोरच्यालाही हसू द्यायचे नाहीत.

“कवापासनं दुखतीया?”

“परवापास्नं.”

“खरं सांग.”

“...दिवाळीपास्नं.”

आता होळी तोंडावर आली होती. चैत्रातल्या जत्रेच्या मैदानात सर्जेरावची शेवटची कुस्ती ठरलेली होती, आणि शेवटची म्हणजे सगळ्यात मोठी. गावोगावच्या एसटी स्टँडवर त्याचा फोटो लागला होता. फोटोतला जबडा अर्थातच धड होता.

“मला ठावं हाय,” वस्ताद म्हणाले. “तू एका अंगानं चावतोस. भाकरी सोडून भातावर आलास. बदाम कुटून खातोस. थंडाईचा घोट घेतलास की डोळा मिटतोस.”

“एवढं ध्यान असतंय व्हय तुमचं?”

“असतंय.”

वस्तादांनी दुधातली भाकरी आणखी थोडी कुस्करली.

“दवाखान्यात गेलतास?”

“गेलतो. डॉक्टरबाई न्हवत्या.”

वस्तादांनी मागे हात घातला आणि एक कोल्हापुरी चप्पल पुढे ठेवली. एकच. डाव्या पायाची.

सर्जेरावने चपलेकडे पाहिले, मग स्वतःच्या पायांकडे. तो अनवाणीच आला होता.

“...ही तुमच्याकडं कशी आली?”

“आली. डॉक्टरबाई म्हणली, पैलवान खुर्चीतनं उठला, पाण्याचा गिलास उडवला आन् एका चपलेवर जिना उतरून गेला. दाढ बघूबी दिली न्हाई.”

सर्जेराव पायरीवर बसला. वस्तादांच्या शेजारी नव्हे, एक पायरी खाली.

नदीकडून पोरांचा आरडाओरडा ऐकू येत होता...

“सुईचं भ्या वाटलं?”

“सुईचं न्हाई. खांदा गेलता तवा किती सुया घेतल्या मी.”

“मशिनीच्या आवाजाचं?”

“न्हाई.”

“मग?”

“ती खुर्ची...” सर्जेराव अडखळला. “ती आपसूक मागं जाती, वस्ताद. पाठ टेकती.”

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. सर्जेरावच्या पाठीला कुठल्याच मैदानात माती लागली नव्हती, हे सगळ्या जिल्ह्याला माहीत होते. पण तो झोपतानाही पाठ टेकत नाही, हे फक्त तालमीला माहीत होते. कुशीवर झोपायचा, आणि झोपेत उताणा व्हायला लागला की जागा व्हायचा. लग्नानंतर बायकोने हे माहेरी सांगितले आणि मग सगळ्या सासरवाडीला कळले. लोक हसले. सर्जेरावला त्याचा अभिमानच वाटला.

“उताणं पडायचं,” तो हळूहळू म्हणाला. “तोंड उघडं. वरनं कोणतरी वाकणार. आन् आपलं हात... हात कुठं ठेवायचं तेच कळंना. मला भ्या वाटलं, वस्ताद.”

हा शब्द वस्तादांनी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. सर्जेरावनेही स्वतःच्या तोंडून तो पहिल्यांदाच ऐकला, आणि त्याचे कान लाल झाले.

“तुमी लेप द्या कायतरी. जत्रा झाली की जातो बाईंकडं.”

“न्हाई.”

“मग मंतर घाला. तुमच्या वाडवडलांना येत हुता म्हणत्यात.”

“येत हुता. त्यांच्या तोंडात दात न्हवतं.”

वस्तादांनी वाटी बाजूला ठेवली. गुडघ्यावर हात टेकून उठले. अंगरख्याचे बंद सोडले, तो खुंटीला लावला. डोक्यावरचा पटका मात्र तसाच ठेवला. मग कुस्तीच्या हौद्याच्या कडेला आले, लाल माती चिमटीत घेऊन कपाळाला लावली आणि आत उतरले.

सत्तरी ओलांडलेला माणूस. गुडघे वाजत होते.

हौद्याच्या मधोमध ते आधी बसले. मग एक हात टेकला, मग कोपर... आणि मग सरळ उताणे झोपले. पाठ, खांदे, डोके, सगळे मातीत.

सर्जेराव दचकून उठला. वस्तादांना त्या मातीत उताणे पडलेले कोणी पाहिले नव्हते. त्याने दरवाजाकडे बघितले, पोरं तर येत नाहीत ना म्हणून.

“उठा की, वस्ताद. कोण बघंल.”

“हिकडं ये. छातीवर कोपर दे.”

“न्हाई व्हायचं माझ्याच्यानं.”

“दे म्हणतो न्हवं.”

सर्जेराव उतरला. गुडघे टेकून त्याने कोपर वस्तादांच्या छातीवर ठेवले. नुसते ठेवले.

“दाब.”

त्याने दाबले.

“आणखी.”

आणखी दाबले. वस्तादांचा चेहरा लालसर झाला. मग त्यांनी सर्जेरावच्या मांडीवर हाताने थाप मारली, आणि सर्जेरावचे कोपर त्याच क्षणी उचलले गेले. विचार न करता.

ही त्या तालमीची रीत होती. सराव करताना ज्याला सोसत नाही, त्याने थाप मारायची. थाप पडली की सोडायचे. जो सोडणार नाही, त्याला तालमीचा दरवाजा बंद. वस्ताद एवढ्या एका गोष्टीत कुणाची गय करत नसत.

“का सोडलंस?”

“तुमी थाप मारली.”

“मी हरलो?”

सर्जेराव घोटाळला. “न्हाई... तुमी आपणहून झोपला हुता.”

“तू कवा थाप मारलीस?”

“मी?”

“इतकी वर्सं इथं हाईस. एकदा तरी?”

सर्जेरावने मातीकडे पाहिले. “कधीच न्हाई.”

“म्हणून खांदा गेला,” वस्ताद पडल्या पडल्या म्हणाले. “ज्या पोराकडनं गेला, ते पोर आठ दिस जेवलं न्हाई. आता तू झोप.”

“मी?”

“मी उठतो. मला हात दे.”

सर्जेरावने त्यांना उठवले. पाठीची माती झाडायला गेला, तर वस्तादांनी झाडू दिली नाही.

मग तो खाली बसला. मागे झुकला. कोपरांवर थांबला. पाठ आणि माती यांच्यात एवढेसे अंतर उरले होते, आणि ते अंतर काही केल्या मिटत नव्हते. कपाळावर घाम आला. ज्याने भले भले मल्ल उचलून आपटले होते, त्याला स्वतःचीच पाठ खाली सोडवत नव्हती.

वस्तादांनी मदत केली नाही...

शेवटी सर्जेरावने डोळे मिटले आणि कोपरे सोडली.

माती गार होती. ताक, हळद आणि तेल घालून मऊ केलेली, त्यानेच रोज पहाटे खणलेली. ती पाठीला कशी लागते, हे त्याला माहीत नव्हते.

“डोळं उघड. काय दिसतंय?”

“...कौलं.”

“आणखी?”

“एक कौल फुटलंया. मधलं.”

“ते फुटून दोन पावसाळं झालं,” वस्ताद म्हणाले. “पंचा नीट बांध. दवाखान्यात जायचंय.”

*

दाताचा दवाखाना बाजारपेठेत होता, बियाणांच्या दुकानावर. अरुंद जिना. वर दोन बाकडी आणि चपला काढायची पाटी.

सर्जेरावने वाटेत घरून उजवी चप्पल घेतली होती; त्याने दोन्ही चपला काढून नीट शेजारी शेजारी ठेवल्या.

उपाध्ये डॉक्टरबाई तरुण होत्या, बोलायला साध्या. त्यांनी सर्जेरावला ओळखले, हसल्या नाहीत. मग वस्तादांकडे बघून काही बोलणार होत्या.

“आदी ह्येचं बघा,” वस्ताद घाईने म्हणाले.

सर्जेराव खुर्चीत बसला. बाईंनी पंचा सोडून गालावरून हलकेच बोटे फिरवली, मग जबड्याखाली, मग गळ्याजवळ. त्यांचा चेहरा गंभीर झाला.

“ताप आहे?”

“रात्रीचा येतो.”

“गिळायला त्रास?”

“थोडा.”

“अजून दोन-तीन दिवस काढले असते, तर ही सूज गळ्याकडं उतरली असती. मग श्वास अडतो. मग माझ्या हातात काही राहत नाही, मोठ्या हॉस्पिटलात पळवावं लागतं. कुस्ती-बिस्ती सोडा, जिवावर बेतलं असतं.”

बाईंनी हे आवाज न चढवता सांगितले. वस्तादांनी भिंतीला हात टेकला.

“आता काय करणार ते सांगते. आधी हिरडीला मलम, मग बधिर करायचं इंजेक्शन. दाढेला वरून छोटं भोक पाडून आतला पू बाहेर काढते. गोळ्या देते. सूज उतरली की पुढच्या आठवड्यात दाढ वाचवायला लागू. बहुतेक वाचेल. खुर्ची आज अर्धीच मागं घेऊ?”

सर्जेरावने वस्तादांकडे पाहिले.

“न्हाई,” तो म्हणाला. “पुरी न्या.”

“बाई,” वस्ताद मध्येच म्हणाले, “आमच्यात एक रीत हाय. सोसना झालं की हात करायचा. हात केला की सोडायचं.”

“आमच्यातही तीच रीत आहे, वस्ताद. डावा हात वर करायचा. मी लगेच थांबते.”

खुर्ची मागे गेली. सर्जेरावच्या पाठीला गार रेक्झिन लागले. डोक्यावर दिवा आला, दिव्याआड बाईंचा चेहरा आला. त्याने उजव्या हाताने खुर्चीचा दांडा धरला. डावा मोकळा ठेवला.

मलम झाले. सुई झाली. जबडा जड झाला. यंत्र सुरू झाले आणि त्याचा तो बारीक, उंच आवाज खोलीभर झाला.

सर्जेरावचा डावा हात वर गेला.

आवाज थांबला. बाईंनी हात तोंडाबाहेर घेतले.

“दुखलं?”

त्याने मान हलवली. नाही.

“मग?”

“थांबता का... बगितलं,” तो जड जिभेने म्हणाला.

बाई हसतील असे त्याला वाटले होते. पण त्या म्हणाल्या, “बघा की. पुन्हा बघावंसं वाटलं तर पुन्हा करा.”

त्याने पुन्हा हात केला नाही. उजवा हात कधी सुटला, हे त्याला कळले नाही. दोन्ही हात पोटावर आले. दाढेतला ठणका, जो दिवाळीपासून रात्रंदिवस सोबत होता, तो एकाएकी सैल झाला, आणि सर्जेरावच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडे ओघळले. दुखून नव्हे. सुटका झाली म्हणून.

खुर्ची वर आली. त्याने चूळ भरली, तोंड पुसले.

“बाई, पंख्याच्या पात्याला जळमाट हाय.”

बाईंनी वर पाहिले. “खरंच की. मला कधी दिसलं नाही.”

“बसून दिसत न्हाई ते,” सर्जेराव म्हणाला, आणि सुजलेल्या तोंडाने हसायचा प्रयत्न केला.

मग तो उठला. छाती पुन्हा पुढे आली, मान ताठ झाली. सवय ती सवय.

“वस्ताद, आता आपल्याला कशाचंच भ्या न्हाई बगा.”

“हं,” वस्ताद म्हणाले. ते दाराकडे निघाले होते.

बाई गोळ्यांची चिठ्ठी लिहीत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “वस्ताद, आणि तुमचं काय? परवा बाकड्यावर एवढा वेळ बसलात. हे पळून गेल्याचं सांगून मी तुम्हाला आत बोलावलं, तर यांची चप्पल तेवढी घेऊन निघून गेलात.”

वस्ताद दारात थांबले.

सर्जेराव त्यांच्या पाठीकडे बघत राहिला. अंगरख्याच्या गळ्यातून मानेवरची लाल माती अजून दिसत होती.

आणि त्याला दुधातली भाकरी आठवली. किती दिवस झाले, वस्ताद ती कुस्करूनच खात होते. तालमीतल्या सगळ्यांनी ते म्हातारपण म्हणून सोडून दिले होते.

“वस्ताद... तुमीबी एकाच अंगानं चावता?”

खालच्या रस्त्यावर कोणीतरी टेम्पो मागे घेत होते. वस्ताद तो टेम्पो पूर्ण मागे जाईपर्यंत बघत राहिले...

मग वळले. सावकाश खुर्चीपाशी आले. डोक्यावरचा पटका दोन्ही हातांनी उतरवला. तो पटका त्यांनी आजवर कुणाच्या हातात दिला नव्हता. खाली त्यांचे डोके पांढरे, विरळ, अगदी लहान दिसत होते.

ते खुर्चीत बसले. बाईंनी बटण दाबले. खुर्ची मागे झुकू लागली आणि वस्तादांच्या पायांची बोटे आखडली.

“सर्जा,” ते म्हणाले, “पटका धर. आन् माज्या हाताकडं बगत ऱ्हा.”